बापाच्या रस्त्यावर मांडलेल्या खुर्च्या

"आंटी, आज थोडा रोना. दिल्ली का ग्रुप है."

रिसॉर्टचा मॅनेजर माह्या मायले म्हणाला. स्वयंपाकघराच्या मागच्या दारात. माय पदर नीट करून राहिली होती. पदर तिचा नव्हता, रिसॉर्टचा होता. लाल नऊवारी लुगडं, नागपूरच्या सीताबर्डीच्या बाजारातून आणलेलं. माही माय जन्मात नऊवारी नेसली नव्हती. तिची आपली साधी सहावारी, फुलाफुलाची. पण पाहुण्यायले म्हणे गावची बाई गावच्यासारखी दिसली पाहिजे. आता आम्ही कसे दिसतो ते नागपूरवाला आम्हाले शिकवणार!

मग त्यानं कुंकवाची डबी पुढं केली. "बडा लगाओ. फोटो में अच्छा आता है." नवरा मेल्याची गोष्ट सांगायची, अन् कपाळावर रुपयाएवढं कुंकू. त्याले त्यात काहीच वाटलं नाही. मायनं लावलं.

रोज संध्याकाळी चहा-भज्याच्या वेळेले तलावाच्या काठी गोल खुर्च्या मांडत. पाटीवर इंग्रजीत लिहिलेलं होतं. वाघासोबत जगणारी माणसं, असा त्याचा अर्थ. माय मधात बसे अन् सांगे, माहा नवरा वाघानं कसा नेला. मॅनेजर बाजूले उभा राहून हिंदीत, इंग्रजीत सांगे. शेवटी मायनं हात जोडून म्हणायचं, "वाघ आमचा देव हाय. आम्ही त्याले माफ केलं." मग टाळ्या. टाळ्या, बाप्पा! माणूस मेला त्याच्यावर!

मीही तिथंच होती कामाले. खोल्या झाडणं, चादरी बदलणं, चहा नेणं. बारावी झाली होती. बाप गेला अन् शिक्षण तिथंच थांबलं. रिसॉर्टच्या नागपूरवाल्या शेटनं आम्हा मायलेकीले कामावर ठेवलं तं सारं गाव म्हणे, शेट देवमाणूस. आम्हीही म्हणत होतो. आता आठवलं तं माहीच जीभ हासडून टाकावी वाटते.

आम्ही ढिवर. तलावातली मासोळी, शिंगाडे, हेच आमचं जगणं. गावातून तलावावर एक पांदण जाये, बैलबंडी निघेल एवढी रुंद. माहा बाप जाळं खांद्यावर टाकून त्याच पांदणीनं जाये. त्याचा बापही तिथूनच जाये. मग नागपूरच्या शेटनं काठची जमीन घेतली अन् पांदणीसकट तार मारली. पर्यावरण जपणारं पर्यटन, म्हणे. मातीच्या भिंती, बांबूची छपरं, प्लास्टिकची बाटली बंद. आमचा रस्ताही बंद.

मोठे बाबा, म्हणजे बापाचा मोठा भाऊ, विचारायले गेले. फाटकावरचा माणूस म्हणाला, "पीछे से जाओ."

मागून म्हणजे नाल्यातून. नाल्याच्या पल्याड जंगल, अन् तिथं वाघिणीचा वावर. हे आम्हाले माहीत होतं. शेटलेही माहीत होतं, तो तं वाघिणीचे फोटो दाखवूनच खोल्या विकत होता. बाप मागून गेला. आधी जाळं सापडलं, मग तो.

हे तारेचं मायच्या गोष्टीत नव्हतं. पहिल्याच दिवशी मॅनेजरनं काढून टाकलं होतं. "गेस्ट का मूड खराब होता है." माणूस मेल्यानं मूड खराब होत नाही. तारेनं होते.

त्या दिवशी माय रडली. तिचं रडणं खोटं नव्हतं. मॅनेजरनं सांगतलं म्हणून ती रडत नव्हती, आठवलं म्हणून रडे. अन् त्या नोकरीत तिले रोज आठवावं लागे. दिल्लीवाले मोबाईल वर धरून बसले होते. त्यायच्यात एक चष्मेवाली पोरगी होती, माह्याच वयाची. तिनं मोबाईल खाली ठेवला अन् विचारलं, "पर अंकल नाले से क्यों गए? लेक तो यहीं सामने है."

मायनं मॅनेजरकडं पाह्यलं.

मॅनेजर हसला. "मॅडम, इन लोगों की आदत है. जंगल में घुसते हैं. लकडी, मछली, कुछ न कुछ चुराते रहते हैं. अब हम इनको सुधार रहे हैं."

एका साहेबानं हूं हूं केलं अन् भजं उचललं.

मायनं मान खाली घातली. तिले हिंदी समजते. सगळं समजते.

माह्या हातात चहाचा ट्रे होता. तोवर मी त्या मॅनेजरसमोर "जी सर" सोडून दुसरा शब्द काढला नव्हता. नोकरी जाईन, मायचीही जाईन, घरात दुसरं कमावणारं कोणी नाही, हे सगळं त्या टायमाले डोक्यात आलं. आलं अन् गेलं. माह्या मेलेल्या बापाले हा चोर म्हणून राहिला, अन् मी ह्यालेच चहा देऊ काय? मी ट्रे खाली ठेवला. हिंदीत बोलली. आमची हिंदी मोडकीच, पण लाज नाही वाटली.

"मेरा बाप चोर नहीं था. आप जहाँ बैठे हो ना, वही उसका रस्ता था. इनके सेठ ने तार मार के बंद किया. इसके लिए वो नाले से गया."

ती पोरगी खुर्चीवरून उठली अन् पायाखाली पाहू लागली. मग अजून एक बाई उठली.

मॅनेजर माह्याजवळ आला. तोंडावर हसू तसंच ठेवून, दातातल्या दातात म्हणाला, "तोंड बंद कर. ढिवराची जात तुमची. खायले देल्लं तं डोक्यावर बसली."

एवढं मात्र मराठीत. पाहुण्यायले समजू नये म्हणून.

माय उभी राहिली. मले वाटलं आता माह्यावरच ओरडते. तिनं त्याच्याकडं पाह्यलं अन् म्हटलं, "वाघाले माफ केलं, त्याले अक्कल नाही. तुम्हाले कसं करू?" मग मले म्हणाली, "चाल वं." आम्ही फाटकातून निघालो. तिच्या अंगावर रिसॉर्टचं लुगडं तसंच होतं.

घरी आल्याबरोबर मायनं मोठ्या बाबाले बोलावलं अन् सगळं सांगतलं. जात काढली तेही, चोर म्हटलं तेही. मोठे बाबा गरीब माणूस, कधी कोणाले उलटून बोलले नाही. ते एवढंच म्हणाले, "उद्या गुरं पांदणीनंच नेऊ."

अन् नेली. गावातल्या साऱ्या गाई-म्हशी सकाळी सकाळी पांदणीनं हाकलल्या. पुढं तार, पुढं फाटक. गुरायले कोण सांगते पीछे से जाओ? उभी राहिली तिथंच. बसली. शेण टाकलं. आतमंधी सफारीच्या जिप्सी हॉर्न वाजवून राहिल्या होत्या. मायनं ते लाल लुगडं आमच्या म्हशीच्या पाठीवर टाकलं होतं, कुंकूही लावलं होतं तिले. पाहुणे फाटकाच्या आतून फोटो काढत होते. मॅनेजर हात जोडून आला, "भाऊ, प्लीज, गेस्टची सफारी चुकून राहिली."

चुकू दे. मले लय मजा आली. खोटं काहून सांगू?

रोज सकाळी गुरं तिथंच. कोणतीच बाई कामाले जाईना, दूध नाही, मासोळी नाही. शेवटी तहसीलची माणसं जमीन मोजायले आली. सरकारी नकाशातही पांदण होती ती पांदणच निघाली. तार उपटली तेव्हा मोठे बाबा रडले. मी नाही रडली. माह्या बापाले ती तार वेळेवर उपटून पाहिजे होती.

आता पाहुण्यायले तलावात फिरवायले आमचेच डोंगे आहेत, लाकडी नावा. तलावात बेशरम नावाच्या झुडपाचं रान माजलं होतं, ते आमच्या माणसायनं छातीएवढ्या पाण्यात उभं राहून उपटलं. हिवाळ्यात बदकं उतरतात. पक्षी अंडी घालतात त्या बाजूले आम्ही डोंगा नेत नाही, पाहुणा कितीही मोठा असो. जेवण आमच्या घरी, आमच्या चुलीवर. बायका आपल्या रोजच्या साडीत वाढतात. पैसा ढिवरायच्या सोसायटीत जमा होते अन् सगळ्यायसमोर वाटल्या जाते. रडून दाखवणं नाही.

अन् पाहुण्यायले तलावावर नेते ती मी. पांदणीनंच नेते. मधात थांबवते. एका बाजूले शेटचा स्विमिंग पूल, दुसऱ्या बाजूले त्याचे पाहुणे न्याहारी करत असतात. तिथं उभी राहून मी सांगते, तार कुठून कुठपर्यंत होती अन् माहा बाप कुठून गेला. जोरात सांगते. शेटच्या टेबलावरचे चमचे थांबतात.

मागच्या महिन्यात शेट स्वतः आला. नागपूरहून, पांढऱ्या गाडीत. आमच्या अंगणात खाटेवर बसला. मायनं पाणी देल्लं, चहा नाही विचारला. तो मले बेटा म्हणाला. आम्ही मायलेकीनं त्याच्या रिसॉर्टातली उष्टी उचलली, पण त्याले माहं नाव माहीत नव्हतं.

"झालं ते झालं, बेटा. आपण मिळून करू. मी तुला मॅनेजर करतो. ब्रोशरवर गावाचं नाव टाकू. फक्त ते तारेचं सांगणं बंद कर. लोक बुकिंग कॅन्सल करून राहिले."

मले वाटलं होतं, कधी ना कधी हा माणूस माह्या बापाबद्दल एक शब्द बोलन. तो बुकिंगचं बोलला.

मी म्हटलं, "शेट, मी आतापर्यंत फक्त रिसॉर्टवाला म्हणत होती. तुमचं नाव घेतलं नव्हतं."

तो हसला. त्याले वाटलं मी मऊ पडली.

"उद्यापासून घेईन."

दुसऱ्या दिवशी पांदणीत उभी राहून मी त्याचं नाव घेतलं. पूर्ण नाव, त्याच्या बापाच्या नावासकट. पाहुण्यायनं मोबाईलवर टिपून घेतलं. काल घेतलं. आज घेतलं. उद्या घेईन. तो रिसॉर्ट पोरायच्या नावावर करून देईन, तं पोरायचं नाव घेईन. त्याची माफी आता आली तरी मले नको. मले त्याचं रिसॉर्ट रिकामं पाहिजे.