संगणकाला वाहिलेल्या अक्षता

नव्या संगणकाला अक्षता वाहू नयेत, असं कुठल्याही पोथीत लिहिलेलं नाही.

नव्वदच्या आसपासची गोष्ट. परभणीतल्या एका कॉलेजात शेतीचं छोटं संग्रहालय होतं आणि ते माझ्या गळ्यात होतं. तिथं संगणक आला, तेव्हा एका हुशार मित्रानं त्यावर खेळ तयार केला: ज्वारीच्या रानात पाखरं उतरतात, आपण बटन दाबून गोफण मारायची. झकास! फक्त माझे सासरे, झरीचे आबा, तो खेळू शकत नव्हते. काचबिंदूनं त्यांचे दोन्ही डोळे नेले होते आणि तेव्हापासून त्यांनी उंबरठा ओलांडला नव्हता. "लोकं हात धरत्यात आन ढोरावाणी वढत नेत्यात," म्हणायचे.

मी (मोठा शहाणा!) शब्द देऊन बसलो, "आबा, कुणी हात न धरता तुम्हाला खेळता येईल, असं करतो."

मित्राच्या मागे लागून पाखरांना आवाज दिला. डावीकडून पाखरू आलं की जाड, मधून आलं की मध्यम, उजवीकडून आलं की बारीक. तीन दिशांची तीन बटनं. चाचपून सापडावीत म्हणून त्या तिन्हींवर डिंकानं ज्वारीचा एकेक दाणा चिकटवला.

"न्हाई जमलं तर?" आबांनी विचारलं.

"जमेल हो!"

"न्हाई जमलं तर पुन्हा मला घराबाहेर बोलवू नका. कदीच न्हाई."

त्या दिवसापासून मी रोज ते तिन्ही दाणे हलवून बघायला लागलो.

उद्घाटनाला प्राचार्य आले. बायको पूजेचं ताट घेऊन आली. नवी वस्तू, पूजा तर हवीच! मी आबांना घ्यायला दारापर्यंत गेलो, तेवढ्यात तिनं उरकलीसुद्धा.

"अहो, आदीच कुणी तरी पूजा केली होती की!" आबांना बसवून होतंय तोच ती कानाशी म्हणाली. "पण तीनच बटनांना अक्षता! त्या बी जवारीच्या! बाकीच्यांनी कुणाचं घोडं मारलंय? मी त्या सगळ्यांना वाहिल्या. कुंकू लय दाट कालवलं, पडू नये म्हणून."

बाकी प्रत्येक बटनावर तांदूळ! पुसायला धावलो, पण मित्रानं खेळ सुरू केला होता आणि आबांची बोटं लालभडक झाली होती. टूं! पहिलं पाखरू आलं.

"जावईबापू, तुमी तर तीन म्हणले होते. हितं सगळीकडं दाणेच दाणे!"

"थांबा आबा, मी तुमचा हात..."

"हात न्हाई धरायचा!"

टूं! टूं! पाखरं रान फस्त करत होती. प्राचार्य घड्याळ बघायला लागले. बायको रडवेली झाली. मला वाटलं, संपलं सगळं, म्हाताऱ्याला आपणच पुन्हा घरात कोंडलं. खरंच रडू आलं.

"ह्यो तांदूळ," आबा पुटपुटत होते. "ह्यो बी तांदूळच. थांबा... ही जवारी!"

टूं! धाड!

"पडलं का?"

"पडलं आबा, पडलं!" मी एवढ्या जोरात ओरडलो की प्राचार्य दचकले.

मग आबा उठेचनात. शिपायानं किल्ल्यांचा जुडगा वाजवला, तेव्हा कुठं खुर्ची सुटली.

त्यानंतर ते वरचेवर एसटीनं एकटेच यायचे आणि आमच्याकडे मुक्काम ठोकायचे. संग्रहालयाला सुट्टी असली की सराव घरी. मी कोपऱ्याकोपऱ्यातून "टूं" करायचं आणि आबांनी आवाजाच्या रोखानं लिंबू फेकायचं. शेजारी विचारायचे, "कपाळाला टेंगूळ कशाचं हो?"

काय सांगणार! म्हणायचो, "सासऱ्यांचा फार जीव आहे माझ्यावर!"