बिनकुटाचं वर्ष

मी ज्या शाळेत विज्ञान शिकवते, तिथून दरवर्षी एखादं मूल वर्षभरासाठी परदेशात जातं आणि तिकडचं एखादं मूल आमच्याकडं येतं. त्या वर्षी माझी मुलगी डेन्मार्कला गेली, आणि तिच्या खोलीत तिच्याच वयाची एक डॅनिश मुलगी राहायला येणार असं ठरलं. पुंडलिकनगरातलं आमचं घर काही मोठं नाही, पण खोली रिकामीच होती. मी पडदे धुतले, गादी उन्हात टाकली. आणि मग त्या मुलीच्या आईचा व्हिडिओ कॉल आला.

बाई शांतपणे बोलत होत्या. मुलीला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे, म्हणाल्या. मी मान डोलावली. आमच्या वर्गातही कुणाला धुळीची, कुणाला अंड्याची असतेच. त्यांना वाटलं असावं की मला नीट कळलं नाही.

"चमच्याला लागलेला कणसुद्धा चालत नाही," त्या म्हणाल्या. "तिचा श्वास बंद होतो."

कॉल संपल्यावर मी स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले. भेंडीत कूट, काकडीच्या कोशिंबिरीत कूट, वांग्याच्या रश्शात कूट. चटणी तर दाण्याचीच. उपासाच्या दिवशी खिचडी. कॅनमधलं तेलसुद्धा शेंगदाण्याचं. यातून काय काढायचं आणि मग खायचं काय?

"अजून नाही म्हणता येईल," माझा नवरा म्हणाला. "दुसरं घर बघतील ते."

"दुसऱ्या घरात कूट नसतं का?"

"तसं नाही गं. पण आपल्याकडं असताना तिला काही झालं तर?"

पण माझी मुलगी तेव्हा कुणातरी अनोळखी बाईच्या हातचं जेवत होती. त्या बाईनं नाही म्हटलं नव्हतं. मी डबे रिकामे केले, मिक्सरची भांडी माळ्यावर टाकून नवीन आणली, सूर्यफुलाचं तेल आणलं. वर्षभर घरात शेंगदाणा येणार नव्हता.

मुलगी आली ती हसतच. उंच, नाकावर उन्हानं पडलेले तपकिरी ठिपके. आल्याच्या पहिल्याच संध्याकाळी तिनं पिशवीतून श्वास कोंडला तर टोचायची दोन इंजेक्शनची पेनं आणि सरावाचं एक बिनसुईचं पेन काढलं. "काकू, असं," म्हणत तिनं मला शिकवलं. टोपण काढायचं, मांडीच्या बाहेरच्या बाजूला कपड्यावरूनच जोरात दाबायचं आणि धरून ठेवायचं. मी सोफ्याच्या उशीवर सराव केला. उशीवर माझा हात अजिबात हलत नव्हता.

मराठीतलं पहिलं पूर्ण वाक्य ती शिकली ते "यात शेंगदाणे आहेत का?" शाळेत पोरी तिला उगीचच ते म्हणायला लावायच्या आणि हसायच्या. तीही हसायची. मला हसू यायचं नाही. शेजारच्या वहिनी प्रसादाची वाटी घेऊन आल्या की मी दारातच त्यात काय काय घातलंय ते विचारायचे. ती न्हाणीघरात खोकली तरी मी दाराशी जाऊन उभी राहायचे. "काय गं? काय झालं?" "काही नाही काकू, साबण." शाळेबाहेर भाजलेल्या शेंगांची गाडी लागायची, तर मी तिला मागच्या फाटकातून घेऊन जायला लागले. नवरा म्हणायचा, तू वाळत चाललीस.

तिची सगळ्यात जवळची मैत्रीण पडेगावची होती. वडिलांची थोडी शेती, शिवाय ते शहरात नोकरीला. मैत्रिणीच्या आईनं एका रविवारी आम्हाला जेवायला बोलावलं. मी टाळत होते. मग ती बाई स्वतःच शाळेत येऊन मला भेटली.

"मॅडम, दाण्याचं मला पोरीनं सगळं सांगितलंय. एक दाणा नाय येऊ देणार मी. माझ्या लेकरासारखं लेकरू हाय ते."

नाही म्हणायला मला जागाच राहिली नाही.

त्या बाईनं खरोखर जिवापाड जपून रांधलं होतं. तेल नवं, कढई घासून उन्हात वाळवलेली. ज्वारीची भाकरी, डाळ, तव्यावरची मेथी आणि लसणाची कोरडी चटणी. ती चटणी नुसती लसूण, मिरची, खोबरं नि मीठ. मी विचारलं, मुलीनंही विचारलं, मैत्रिणीच्या आईनं गळ्याला हात लावून शपथ घेतली. आम्ही ओसरीवर जेवायला बसलो.

मुलीनं भाकरीला चटणी लावून घास घेतला, दुसरा घेतला. मग तिनं ओठाला बोट लावलं.

"काकू, मुंग्या," ती म्हणाली.

मला वाटलं जमिनीवर मुंग्या आल्या. मी खाली बघितलं. वर बघेपर्यंत तिच्या गळ्यावर लाल गांधी उठल्या होत्या. ती खोकायला लागली. तो खोकला साबणाचा नव्हता. एरवी गुलाबी असणारा तिचा चेहरा सुजत होता आणि डोळे माझ्यावर खिळले होते. तिला बोलता येत नव्हतं. तिनं फक्त पिशवीकडं बोट केलं.

पेन माझ्या हातात आलं, पण टोपण निघेना. बोटं माझी नव्हतीच जणू. मैत्रीण रडायला लागली होती, तिची आई "काय झालं, काय झालं" म्हणत ताट उचलत होती, परत ठेवत होती. मला वाटलं मी उलटं धरलंय. मला वाटलं ही मुलगी आता माझ्यासमोर मरणार. टोपण निघालं. मी तिच्या मांडीवर पेन दाबलं आणि खटका ऐकू आला. तिनं दात आवळले. मी धरून ठेवलं, किती वेळ ते सांगता येणार नाही.

मैत्रिणीच्या वडिलांनी तोवर जीप दारात आणली होती. मागच्या सीटवर मी तिला टेकवून बसवलं, पाय पसरून. तिच्या श्वासाला शिट्टीसारखा आवाज येत होता. छावणीपाशी गाड्या तुंबल्या होत्या. वडील हॉर्नवरचा हात काढत नव्हते, काचेतून डोकं बाहेर काढून ओरडत होते, "पेशंट हाय, सरका! हटो भाई, हटो!" शिट्टी बारीक होत गेली. मी दुसरं पेन काढलं. या वेळी टोपण पहिल्या झटक्यात निघालं. दवाखान्याच्या पायऱ्या दिसल्या तेव्हा तिनं माझी बोटं घट्ट धरली, त्यावरून मला कळलं की ती शुद्धीवर आहे.

डॉक्टरांनी तिला दुसऱ्या दिवसापर्यंत ठेवून घेतलं. संध्याकाळी तिचा आवाज परत आला, घोगरा. मैत्रिणीची आई दाराबाहेर बाकावर बसून होती. तिनंच शोधून काढलं होतं. चटणी खलबत्त्यात कुटली होती. आदल्या आठवड्यात त्यातच कूट केलं होतं. कोरडी चटणी खराब होऊ नये म्हणून खलबत्ता धुण्याऐवजी कोरड्या फडक्यानं दोनदा पुसला होता.

"फडक्यानं पुसला हो मॅडम," ती सारखं म्हणत होती. "चांगला पुसला."

तिच्या जागी मी असते तर मीही पुसलाच असता. तिला मी ते सांगितलं, पण तिच्या कानात शिरलं नाही.

मग डेन्मार्कला फोन केला. झालं ते सगळं सांगितलं.

"पेन तुम्ही टोचलंत?" तिच्या आईनं विचारलं.

"हो."

"माझ्यावर ती वेळ अजून कधी आली नाही," त्या म्हणाल्या. "रोज विचार करते, माझा हात उचलेल का." आणि त्या रडायला लागल्या. मी इकडं भिंतीला टेकून उभी होते. मलाही रडू आवरेना.

मायलेकी नंतर खूप वेळ डॅनिशमध्ये बोलल्या. मी मनात म्हणत होते, बोलवून घ्या हिला. उद्याच बोलवा. फोन ठेवून मुलगी माझ्याकडं वळली. "आई विचारते, परत येतेस का. मी नाही म्हटलं. मी राहणार, काकू."

मी हसले. मग नवी पेनं कुठं मिळतील ते डॉक्टरांना विचारायला गेले.

दोन आठवड्यांनी मैत्रिणीची आई आमच्या घरी आली. आत येईना. मुलीनंच तिचा हात धरून आत आणलं आणि मोडक्या मराठीत म्हणाली, "मावशी, भाकरी करा ना. मला तुमची आवडते."

बाईनं माझ्याकडं बघितलं. मी पीठ काढून दिलं, परात दिली, तवा तापवला. तिनं हात साबणानं धुतले, परत धुतले, मग नखांतून ब्रश फिरवला. पहिली भाकरी थापतानाच चिरली. दुसरी टम्म फुगली. मुलगी ओट्याला टेकून गरम भाकरी तुपाशी खायला लागली, मजेत, पाय हलवत.

आम्ही दोघी तिच्या दोन बाजूंना उभ्या राहिलो आणि ताट रिकामं होईपर्यंत तिचे ओठ बघत राहिलो.