वाडगाभर मीठ

मी जन्माची भित्री. लहानपणी भुतांना भ्यायले, सापांना भ्यायले, आणि सासूला तर लग्न ठरायच्या आधीपासून भ्यायले. घरात सगळे मला हसत. पण रेवदंड्याच्या खाडीकाठी एका वैशाखात जी भीती माझ्या वाट्याला आली, तिला कुणी हसलं असतं तर मी त्याचं तोंड पाहिलं नसतं.

आमचे हे मीठखात्यात शिपाई होते. आम्ही दोघं साताऱ्याकडची, ज्वारी-बाजरीच्या मुलखातली. बदली झाली आणि घाट उतरून, पेण-अलिबाग करत, बैलगाडीत अंग खिळखिळं करून घेत आम्ही त्या नाक्यावर आलो. नाका म्हणजे खाडीच्या तोंडाशी एक कौलारू चौकी, आणि तिच्या मागे आमच्या राहण्याच्या दोन खोल्या. केवड्याचं बन ओलांडलं की कोळ्यांची वाडी लागायची. दुसऱ्या बाजूला नुसतं पाणी. भरती आली की मला वाटायचं, आता हे उंबरा ओलांडून चुलीपाशी येणार. मी ट्रंक उचलून खाटेवर ठेवायची. हे हसायचे, म्हणायचे की समुद्राला तुझ्या दोन लुगड्यांची काय पडलीय.

वाडीतल्या लोकांना मात्र आमची पडली होती. उन्हाळ्यात खडकांच्या खळग्यांत आणि खाडीच्या कडेला पाणी आटून आपोआप मीठ धरतं. ते खरवडून घरी नेणं हा गुन्हा होता आणि तो पकडणं हे आमच्या ह्यांचं काम. कोळ्यांना मासळी खारवायला मीठ लागायचं, आणि विकतचं मीठ कर भरून घेण्याइतका पैसा कुणाच्या कनवटीला नव्हता. त्यामुळे मी विहिरीवर गेले की बायका बोलत्या बंद व्हायच्या. कुणी वाईट बोलायचं नाही, पण चांगलंही बोलायचं नाही. ह्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, वाडीत कुणाशी घरोबा करू नकोस, उद्या एखाद्याच्या घराची झडती घ्यायची वेळ आली तर मला जड जाईल. ह्यांचं म्हणणं बरोबरच होतं. पण बोलायला माणूस नसलं की बरोबर गोष्टीचाही राग येतो.

त्यात मला दिवस राहिले होते, आणि भरत आले होते. आधीच्या खेपेला सासरी, चार बायका भोवती असताना, सातव्या महिन्यातच सगळं संपलं होतं. आई मला नव्हती. सासूबाईंनी निरोप पाठवला की एकदा या घरात अपशकुन झाला तो पुरे, आता काय व्हायचं ते तिकडेच होऊ दे. अलिबागेला दवाखाना होता, पण तिथवर गाडीचा रस्ता कसा होता ते माझ्या हाडांना ठाऊक होतं. जवळ सुईण एकच होती, वाडीतली एक म्हातारी कोळीण. केवड्याच्या बनापलीकडचं पहिलं घर तिचं. ती आली नाही तर मी आणि माझं मूल दोघंही जाणार, असं मला रोज सकाळी डोळे उघडताच वाटायचं. आणि तिला बोलवायचं धाडस होत नव्हतं.

एके दिवशी त्या म्हातारीनं आपणहून तिच्या नातीच्या हाती पितळी वाडगा पाठवला. आत कैरी घातलेली कोलंबी होती. माझं पोट तिला विहिरीवर दिसलं असणार, आणि पोटुशी बाई म्हटल्यावर तिच्यानं राहवलं नसणार. मी चुलीपुढे बसून सगळं खाल्लं आणि रडले. तिखटानं की मायेनं, ते आता सांगता येत नाही.

मग वाडगा परत द्यायचा प्रश्न आला. आमच्याकडे शेजारणीचं भांडं रिकामं परत करत नाहीत. काहीतरी घालायचं, निदान गुळाचा खडा तरी. घरात गूळ संपला होता, डाळ तळाला गेली होती, पीठ जेमतेम. भरपूर होतं ते एकच. मी डब्यातलं पांढरंशुभ्र सरकारी मीठ वाडग्यात शिगोशीग भरलं, वर फडकं टाकलं आणि स्वतः घेऊन गेले. म्हातारी ओट्यावर मासळी चिरत बसली होती. फडकं काढल्यावर तिचा हात सुरीवरच थांबला. मी हसून म्हटलं, आगोटीला तुम्हाला किती मीठ लागतं ते काय मला दिसत नाही, अजून लागलं तर लपवू नका, सांगा. केवढी मी शहाणी! पावसाळ्याच्या बेगमीला तिथे आगोट म्हणतात, तो नवा शब्द मला वापरता आला याचाच मला आनंद झाला होता.

आता हे वाचणाऱ्याला कळलंच असेल, पण मला तेव्हा कळलं नाही. शिपायाची बायको दारात वाडगाभर मीठ ठेवते आणि म्हणते, किती लागतं ते मला दिसतं, लपवू नका. म्हातारीनं त्याचा एकच अर्थ घेतला, की शिपायाला सगळं कळलंय आणि झडती येणार आहे. तिनं ते वाडीत सांगितलं. पुढचं दुसऱ्या दिवशी सकाळी मी खिडकीतून पाहिलं. ओहोटीच्या वेळेला वाडीतल्या बायका एकामागून एक मडकी डोक्यावर घेऊन खाडीत उतरल्या आणि त्यांनी ती पाण्यात उपडी केली. कुणी कुणाशी बोलत नव्हतं. जाताना एकजण आमच्या घराकडे बघून थुंकली.

मी खिडकी लावून घेतली. मला वाटलं, माझ्यावर काहीतरी करताहेत. माझ्या पोटावरच उतारा टाकला असणार. मी दारावर लिंबू बांधलं, पदराला गाठ मारली, येत होती तेवढी सगळी स्तोत्रं उलटसुलट म्हटली. ह्यांना सांगितलं तर वेड्यात काढलं. पुढचे दिवस मी विहिरीवर गेले की बायका अर्धी भरलेली कळशी उचलून निघून जायच्या. पोरं मला बघून आत पळायची. मग वाडीकडून वास यायला लागला. मीठ नव्हतं म्हणून घोळ आणि सुरमई नासली, आणि शेवटी ती नारळीच्या बुडात पुरावी लागली. एका वाडग्यानं वाडीची पावसाळ्याची मासळी मातीत घातली होती. मला एवढंच समजत होतं की इथली माणसं माझ्यावर चिडली आहेत, आणि मला ज्यांची गरज आहे तीच ही माणसं आहेत.

ज्येष्ठ लागता लागता ह्यांना साहेबाबरोबर लांबच्या मिठागरांच्या फेरीवर जावं लागलं. दोन-चार दिवसांत येतो म्हणाले. गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी, भर दुपारी, माझ्या कमरेत कळ आली. मी भांडी घासत होते. आधी म्हटलं वाकल्यानं असेल. दुसरी आली तेव्हा कळलं.

तशीच उठले आणि केवड्याच्या बनातून चालत सुटले. मध्ये दोनदा वाळूत बसले. त्या वाटेवर मला जे वाटलं त्याला भीती हा शब्दही थिटा आहे. म्हातारी दार लावेल असं वाटत होतं. दार उघडलं तर आत घेऊन काय करेल, असंही वाटत होतं.

म्हातारी दारातच होती. मला बघून तिनं चौकट धरली. मागे दोन बायका होत्या, त्यातली एक हळूच काहीतरी बोलली. नंतर मला कळलं ती म्हणाली होती, हिला हात लावू नकोस, पोर दगावलं तर शिपाई तुला तुरुंगात घालील. मी ओट्याला टेकले आणि मला दुसरं काही सुचेना म्हणून खरं तेच बोलले. "मला तुमची भीती वाटते. पण दुसरीकडे कुठं जाऊ?"

म्हातारीनं चौकट सोडली. "मना पन तुजा भेव वाटतं," ती म्हणाली. "पोरी, खरा सांग. वाडग्यान मीठ कनाला घातलास?"

"गूळ संपला होता," मी म्हटलं. "रिकामा कसा देऊ?"

तिच्या तोंडावर काय उमटलं ते मला वर्णन करून सांगता यायचं नाही. ती खाली बसली, कपाळाला हात लावला आणि मागच्या बायकांना म्हणाली की ऐकलंत का, गूळ संपला होता. एकजण हसली आणि लगेच रडायला लागली. वाया गेलेली मासळी तिच्या घरची सगळ्यात जास्त होती. मला अजून काहीच उमगलं नव्हतं. पुढच्या कळेला म्हातारीनं मला काखेत हात घालून आत ओढलं.

मुलगी झाली. उशिरा रडली, पण रडली. तिला पुसत असतानाच माझं अंग गार पडायला लागलं. दात वाजत होते, डोळ्यांपुढे अंधारी येत होती आणि बायकांचे आवाज लांब जात होते. म्हातारी म्हणाली, मिठाचा शेक द्यायला पाहिजे, घट्ट, कमरेला आणि ओटीपोटाला. कुणी हलेना. मीठ तर सगळ्यांनी खाडीत ओतलं होतं, असं त्यांनी एकमेकींना सांगितलं होतं. नाक्यावरच्या माझ्या डब्यातलं आणायला जावं, तर शिपाई नसताना चौकीत शिरायचं म्हणजे आणखी एक गुन्हा.

म्हातारीनं जातं बाजूला सरकवलं. खालची जमीन उलथन्यानं उकरली. आत तोंड बांधलेलं एक मडकं होतं. एवढं एक तिनं ओतलं नव्हतं. एका बाईनं तिचा हात धरला आणि डोळ्यांनी माझ्याकडे दाखवलं. मी बघत होते, आणि मी बघतेय हे सगळ्यांना दिसत होतं.

"सांगंल तं सांगंल," म्हातारी म्हणाली. "आधी बाय जगाला पायजे."

तव्यावर मीठ तडतडलं. फडक्यात बांधून तिनं ते माझ्या अंगाला लावलं तेव्हा मी कळवळले, आणि मग हळूहळू ऊब वर चढत आली. तेव्हाच, त्या उबेत, मला सगळं उलगडलं. मडकी, खाडी, नासलेली मासळी. आणि माझी भीती मेली नाही, तिनं फक्त कूस बदलली. तोवर मी त्यांना भीत होते. आता मी त्यांच्यासाठी भ्यायला लागले, आणि भ्यायला लागले ते माझ्याच नवऱ्याला.

चालता येऊ लागल्यावर बायकांनी मला दोन्ही बाजूंनी धरून नाक्यावरच्या घरी आणून सोडलं. म्हातारी रोज यायची, मुलीला न्हाऊ घालायची, मला शेक द्यायची. मी माझं सरकारी मीठ पुढे केलं, तर म्हणाली की ते बारीक आहे, धग धरत नाही. आपल्या मडक्यातलंच ती पुरचुंडीत बांधून आणायची. मी तिला सांगायला हवं होतं की हे इथे आणू नका. पण दर दिवशी वाटायचं, आजचा दिवस जाऊ दे.

साहेबामुळे ह्यांची फेरी लांबली होती. हे परत आले ते भर सकाळी. वहाणांचा आवाज ओट्यावर आला तेव्हा म्हातारी माझ्या पायाशी बसलेली, तवा चुलीवर तापलेला, आणि पुरचुंडी उघडी. ह्यांनी मुलीला पाहिलं, घाबरत घाबरत तिच्या गालाला बोट लावलं. चेहरा असा झाला की मला रडूच आलं. मग त्यांची नजर खाली गेली. करडं, जाड, चिखलाची झाक असलेलं मीठ. ओळखायला मीठखात्यातला माणूस कशाला हवा, लहान पोरानंही ओळखलं असतं. त्यांनी एक खडा उचलला आणि जिभेवर ठेवला.

"हे कुठलं?" त्यांनी विचारलं.

"आपल्याच घरातलं," मी म्हटलं. लग्न झाल्यापासून ह्यांच्याशी मी पहिल्यांदा खोटं बोलत होते, आणि माझा आवाज मलाच परका वाटला.

म्हातारी उठून भिंतीला लागून उभी राहिली होती. तिचे ओले हात तिनं समोर धरले होते, कुणीतरी ते बांधणार असल्यासारखे. ह्यांनी तिच्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे. खाकी सदऱ्याच्या आत त्यांचा श्वास वरखाली होताना मला दिसत होता, आणि मला कळलं की हा माणूससुद्धा भ्यायलाय. साहेबही ह्यांच्याबरोबर आला होता आणि चौकीत बसला होता, भिंतीपलीकडे त्याचं खोकणं ऐकू येत होतं.

ह्यांनी खाली वाकून पुरचुंडीची टोकं गोळा केली, गाठ मारली आणि ती म्हातारीच्या ओल्या हातात दिली. आवाज शक्य तितका खाली आणून म्हणाले, "मावशी, तवा गार होतोय."

मग बाहेर गेले आणि आमच्या दारात, आतलं बाहेरून कुणाला दिसू नये असे, पाठ करून उभे राहिले.