धनवंतावहिनींचे परे

धनवंतावहिनींना मी ओळखत होतो असं म्हणणं खोटं ठरेल. त्यांची एक एकर बांधी, म्हणजे धानाचं शेत, माझ्या बांधीला लागून. वीस वर्षं आम्ही मधल्या एकाच धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, ये-जा केली, पण बोलणं पाण्यापुरतंच. मला बोलताना सुचत नाही, लिहिताना त्याहून नाही. तरी एक गोष्ट लिहितो, कारण ती घडली तेव्हा मी तिथं होतो आणि गप्प होतो.

नवरा गेल्यावर दोन-तीन वर्षांनी वहिनी दर रविवारी बसनं गोंदियाला चर्चमध्ये जाऊ लागल्या. का, ते मी विचारलं नाही. अडचण आली ती रोवण्यात, म्हणजे धानाच्या लावणीत. आमच्या दवनीवाड्यात बायांची टोळी आज एकीच्या बांधीत, उद्या दुसरीच्या, असं करत सगळ्यांचा रोवणा उरकते. आधी धुऱ्यावर नारळ फोडून प्रसाद वाटतात. वहिनी डोक्यावर पदर घेऊन बाजूला उभ्या राहत, पण प्रसाद घेत नसत.

कोणाचा रोवणा कधी ते गावातला शालीकराम ठरवी; टोळी त्याच्या शब्दाबाहेर नव्हती. तीन वर्षांपूर्वी त्याच्याच बांधीत तो चिडला.

"काऊन वो धनवंता, आमचा देव कडू लागते का तुले?"

"कडू कायले लागन, भाऊ? माहा विश्वास येशूवर आहे. खोटा खोटा हात पुढं करणं बरं नाही. तुमचा अपमान करायचा नाही मले."

"चर्चवाल्यायकडून पैसे किती भेटले ते सांग ना!" मागून एक बाई बोलली. सगळ्या हसल्या.

वहिनीही हसल्या. "भेटले असते तं माहं छप्पर काऊन गळलं असतं, बाई?"

"प्रसाद घे, नाहीतर जाय," शालीकराम म्हणाला. "मंग तुह्या बांधीत कोणी येणार नाही."

वहिनींनी डोक्यावरचा पदर कमरेला खोचला. मग "बरं भाऊ," म्हणून निघाल्या. मी हातात फावडं धरून पाहत होतो.

दुसऱ्या दिवसापासून त्या एकट्याच रोवू लागल्या. एक एकर एकटीनं होत नाही. धानाची रोपं, ज्यांना आम्ही परे म्हणतो, ती वाढून जातात आणि मग लावून उपयोग नसतो. अर्धी बांधी पडीक राहणार हे मला दिसत होतं.

त्यातच पाऊस असा लागला की शालीकरामचे उरलेले परे पाण्याखाली सडले. वहिनींचे उंचावर होते. चार दिवसांनी तो धुऱ्यावर येऊन उभा राहिला. मी शेजारीच होतो.

"परे आहेत का?"

"आहेत ना. अर्धे माह्यानं लावणं होतच नाही. न्या."

तो हलेना. "लोक का म्हणतीन? तिचेच परे आणले म्हणतीन."

"परे कुठं प्रार्थना करतात, भाऊ?"

शालीकरामला हसू आवरलं नाही. मग हळूच म्हणाला, "राग नाही आला का तुले?"

"आला ना. दोन दिवस जेवण गेलं नाही. मंग प्रार्थना केली. देवानं मले माफ केलं, आता मी राग धरून कशी बसू?"

परे काढायला त्याची बायको योगेश्वरी दोघींना घेऊन आली. जुड्या बांधून झाल्यावर ती घरी गेली नाही. साडी खोचून वहिनींच्या बांधीत उतरली. "आधी हिचं," म्हणाली. बाकीच्या बाया आल्या नाहीत. एक कोपरा त्या वर्षी तसाच राहिला. तेवढा मी लावून दिला असता तर झालं असतं.

पुढच्या वर्षी टोळीनं वहिनींना बोलावलं. नारळ फुटला, त्या पदर घेऊन बाजूला उभ्या राहिल्या आणि कोणी काही बोललं नाही. शालीकराम तोंड फिरवून विडी ओढत होता.

यंदा जानेवारीत तापानं त्या गेल्या. त्याआधी, धान पिवळं पडलं तेव्हा, धुऱ्यावर भेटल्या होत्या. शालीकरामनं तुम्हाला हाकललं त्या दिवशी मी बोलायला हवं होतं, एवढं तरी सांगायचं असं ठरवून गेलो होतो.

"वहिनी," मी म्हणालो.

"का जी, भाऊजी?"

"बांधीतलं पाणी काढलं का?"

"काढून राहिली ना. तुमच्याकडून जाऊ देऊ का?"

"सोडा ना," मी म्हणालो.