घरी जायची ऑर्डर

"तुमच्या कामात कसली गंमत? सगळी गुन्हेगार पोरं!" असं कुणी म्हटलं, की मी त्याला चहाला बसवते. चहा दोनदा गरम होतो, पण किस्से काही संपत नाहीत. कोल्हापुरात मी परिवीक्षा अधिकारी आहे. म्हणजे अठराच्या आतल्या मुलामुलींनी काही उद्योग करून ठेवला, की त्यांच्या घरी जायचं, चौकशी करायची आणि बाल न्याय मंडळाला अहवाल द्यायचा. पोर घरी जाणार की निरीक्षणगृहात राहणार, हे बरंचसं त्या अहवालावर ठरतं. त्यामुळे आमच्या बाकावर बसणाऱ्या प्रत्येकाचा प्रश्न एकच, "मॅडम, घरी कधी?"

*

दोन पोरांनी मिळून शाळेच्या काचा फोडल्या. पहिल्याची आई आत आली. "आमचं पोरगं लई गरीब हाय. संगत वाईट लागली." मग दुसऱ्याची आली. "माझं लेकरू साधं हाय. संगतीनं वाटोळं केलं."

"संगत कुणाची?" मी दोघींनाही विचारलं. दोघींनीही बाहेरच्या बाकाकडे बोट दाखवलं!

थोड्या वेळानं बाहेर येऊन बघते, तर दोघी एकाच डब्यातून चपाती-भाजी खात बसलेल्या.

*

एका क्लासनं टॉपर्सचा मोठा फ्लेक्स लावला होता. भरदुपारी एका पोरानं तो ब्लेडनं फाडला. क्लासवाले सर तावातावानं आले. "जळतोय मॅडम, दुसरं काय!"

मी पोराला विचारलं, "टॉपर्सवर एवढा राग?"

"त्यात मीच हाय की. वरच्या ओळीत दुसरा."

फ्लेक्स पसरून बघितला. खरंच, कापलेला चेहरा एकच होता, त्याचाच. वडील कागलच्या एमआयडीसीत कामाला. पोरगं म्हणालं, "शिफ्टला जाताना रोज गाडी थांबवून बघत्यात मॅडम. औंदा मार्क कमी पडल्यावर काय करू?"

सरांनी तक्रार मागे घेतली. नवीन फ्लेक्स मात्र लावलाच.

*

मारामारीत सापडलेल्या एका पोराच्या वडिलांना मी तासभर समजावलं. मारू नका, ओरडू नका, पोराला स्ट्रेस देऊ नका. पुढच्या तारखेला गडी एकदम खूश!

"मॅडम, रोज संध्याकाळी त्याला म्होरं बसवतो आणि इचारतो, स्ट्रेस हाय का न्हाय?"

"मग?"

"न्हाय म्हणेपर्यंत उठू देत न्हाय!"

*

बहीण-भावानं शेजाऱ्याची मोपेड न विचारता पळवली आणि थेट मलकापूर गाठलं. पेट्रोल संपलं म्हणून सापडले. गाडी बहीण चालवत होती. मी घरी गेले तर वडील म्हणाले, "पोरगं हाय ओ, चालायचंच."

"आणि पोरगी?"

"तिची शाळा बंद केली."

"तिला गाडी शिकवली कुणी?"

"मीच की!"

मला खरंच राग आला आणि मी तो दाखवलाही. आठवड्याभरात पोरगी शाळेत जायला लागली.

*

आता ही शेवटची. चंदगडकडची, दहावीतली. शेजारणीचा मोबाईल चोरला म्हणून आणली होती. वडील न्यायला लवकर आले नाहीत, त्यामुळे आठ दिवस मुलींच्या निरीक्षणगृहात राहिली. तिथल्या बाई म्हणाल्या, "पोरगी गुणाची आहे. अभ्यासाच्या तासाला हलत नाही, आणि कामाला स्वतःहून उठते."

मी तिच्या घरी जाऊन आले. आई काजूच्या कारखान्यात. दोन म्हशी, तीन धाकटी भावंडं आणि सगळा स्वयंपाक हिच्याकडे. दप्तर गोठ्यातल्या खुंटीला लटकवलेलं. वडील म्हणाले, "पोरीच्या जातीला दहावी कशाला?" मी त्यांना बरंच सुनावलं. त्यांनी मान डोलावली आणि पोरीला घेऊन गेले.

महिन्याभरात तिनं त्याच शेजारणीचा तोच मोबाईल पुन्हा चोरला. या वेळी स्वतःच पोलीस पाटलाकडे नेऊन दिला. "मी चोरलाय, लिवून घ्या."

ती पुन्हा आमच्यासमोर आली. परीक्षेला दोन महिने उरले होते. या खेपेला वडील पहिल्याच दिवशी हजर, हात जोडून. शेजारीण म्हणाली, तक्रार नाही. सगळं सोपं झालं. मंडळाच्या मॅडमनी सही केली आणि हसून म्हणाल्या, "जा बाळा, आजच घरी."

तिनं कागद घेतला नाही. माझ्याकडे बघून हळूच विचारलं, "मॅडम, परीक्षा होईस्तोवर ठेवून घ्यायला किती मोठी चोरी करायला लागती?"