महादेवाला दिलेलं शेत

आमचे मामंजी, म्हणजे माझे सासरे, एकदम दानशूर झाले ते शेतसारा वाढल्यावर. त्याआधी दारात आलेल्या भिकाऱ्याला त्यांनी काही दिलं असेल तर ‘पुढं जा’, एवढंच. निजामाच्या राज्याचा शेवटचा काळ होता, चाकूरकडचं आमचं गाव. देवाच्या इनामी जमिनीला सारा माफ असतो, हे उदगीरच्या कचेरीत कुणीतरी त्यांच्या कानात घातलं आणि बुवांच्या अंगात भक्ती नुसती संचारली!

शेत दिलं महादेवाला. पण कोणतं? स्वतःचं काळंभोर रान न्हाई हो! विहिरीकडचं दिलं. त्याचं पीक त्यांच्या विधवा बहिणीला, आमच्या आत्याबाईंना, अन्नवस्त्रासाठी म्हणून बापानं मरताना लावून दिलेलं होतं. देवाच्या शेताचे वहिवाटदार कोण, तर मामंजीच. ज्वारी जायची मामंजींच्या पेवात. महादेवाला मिळायचा नमस्कार, तोही लांबून.

आत्याबाईंनी विचारलं, “दादा, मग मी खाऊ काय?”

“अगं, देवाचं झालं ते. आता मागितलंस तर पाप लागेल,” मामंजी वर तोंड करून म्हणाले.

असा संताप आला होता मला! पण नवी सून मी. दाराआड पदर चावत उभी राहिले, दुसरं काय करणार?

तेव्हापासून आत्याबाई दिवसभर घरात राबायच्या आणि कुणी वाढेल तेव्हा जेवायच्या. तरी महादेवाची पूजा अन् संध्याकाळचा दिवा त्यांनी सोडला न्हाई. तेलसुद्धा शेजारणीकडून मागून न्यायच्या.

मग एकदा तहसीलचे गिरदावर तपासणीला आले. सेवा खरंच होते का ते बघायचं, होत नसेल तर माफी बंद. मामंजींची काय धांदल! सोवळं नेसले, भस्माचे पट्टे ओढले, देवळात घुसले. बेल वाहिला आणि जोशाजोशात अख्खी प्रदक्षिणा घातली. महादेवाच्या पाण्याची पन्हळ ओलांडायची नसते, तिथून मागं फिरायचं असतं, हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक. मामंजी आपले गरागरा! बाया तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. एक म्हातारा तर ओरडलाच, “आरं, वलांडलं की! मालक कधी आलते का हिकडं?”

गिरदावर मुसलमान होते, पण लोक कशाला हसतायत ते त्यांना बरोबर कळलं. “रोज पूजा कौन करता?” त्यांनी विचारलं.

सगळ्यांच्या माना आत्याबाईंकडं वळल्या. मामंजींनी डोळे वटारले. खोटं बोलल्या तर घरचा तुकडा चालू राहणार, खरं बोलल्या तर रस्ता.

“मी करते,” आत्याबाई म्हणाल्या. “दादाला इथं मी आजच बघते.”

गिरदावरांनी तसंच वर लिहून पाठवलं, आणि सेवा नि पीक आत्याबाईंच्या नावानं लागलं. मामंजींनी मात्र तपासणीच्याच दिवशी त्यांचं गाठोडं अंगणात फेकलं होतं. त्या गाठोडं उचलून देवळामागच्या खोपीत राहायला गेल्या.

सुगी झाल्यावर त्यांनी मला बोलावलं. चुलीवरची गरम भाकरी माझ्यापुढं ठेवली, वर तेल-चटणी.

“खा पोरी. इथं कुणाच्या तोंडाकडं बघायचं न्हाई.”

लग्न झाल्यापासून त्या दिवशी मी पहिल्यांदा पोटभर जेवले.