तोंडात टाचणी नसताना

टाचणीमावशीला इंग्रजी जमत नव्हतं असं नाही. तिला तुलना जमत नव्हती, आणि हा दोष तिचा नसून तिच्या धंद्याचा होता.

बायकांचे कपडे शिवण्यात तिची हयात गेली. दुकान म्हणजे जिन्याखालची खोली. एक मशीन, एक उभा आरसा आणि पडद्याआड कपडे बदलायचा कोपरा. माप घेताना ती ओठांत टाचण्या धरायची, म्हणून हे नाव. पण टाचण्यांचा खरा उपयोग वेगळाच होता. एखादी बाई आरशात बघत विचारायची, "मावशी, मी माझ्या जावेपेक्षा जाड दिसते का हो?" की मावशी आणखी एक टाचणी ओठांत धरून "हं" म्हणायची. हो की नाही ते ज्याचं त्याने ठरवावं. एकीचं माप दुसरीला सांगायचं नाही आणि स्वतःची चूक कबूल करायची नाही, एवढ्यावर दुकान चाललं होतं. कपडा घट्ट झाला तर कापड आटलेलं असायचं, सैल झाला तर बाई वाळलेली असायची.

पुढे कंबरेने दगा दिला. मशीनवर वाकून बसवेना. तेवढ्यात शिवणशाळेत शिकवायची जागा निघाली. तिथे देशोदेशीच्या मुली येत, म्हणून इंग्रजीत तोंडी परीक्षा होती. पास झाली तर ठीक, नाहीतर लेकाकडे जाऊन सुनेच्या स्वयंपाकघरात "मी काय करू?" विचारत उभं राहायचं. सून गुणाची होती. ती "तुम्ही फक्त आराम करा" म्हणाली असती, याचीच मावशीला धास्ती होती.

थोरली बहीण, अक्का, इंग्रजीची निवृत्त शिक्षिका. ती रोज दुपारी दुकानात येऊन शिकवू लागली.

"शब्द आखूड असेल तर मागे 'अर' आणि 'एस्ट'. टॉल, टॉलर, टॉलेस्ट. लांबलचक असेल तर पुढे मोर आणि मोस्ट."

"म्हणजे आखूड झग्याला खाली झालर. लांब झग्याची झालर पायात येते, म्हणून तिथे वरूनच काय ते."

"झालर म्हण नाहीतर आणखी काही म्हण, पण लाव."

"आणि गुड?"

"गुड, बेटर, बेस्ट. ते कुठल्याच मापात बसत नाही."

"असतं एखादं गिऱ्हाईक तसं."

रूपं आठवड्याभरात तोंडपाठ झाली. गाडी अडली ती वाक्यांवर.

"आता सांग, आपल्या दोघींत जाड कोण?"

"दोघी छान."

"छान कोण विचारतंय? 'यू आर फॅटर दॅन मी' म्हण."

"तू कुठे जाड आहेस, अक्का? कापडच आटलं असेल."

"मी तुझी गिऱ्हाईक नाही. परीक्षेत काय सगळ्यांना बेस्ट म्हणणार आहेस?"

"आजवर तेच करत आले ना." आणि मावशीने टाचणी ओठांत धरली.

परीक्षेच्या दिवशी शाळेच्या दारातच अक्काने हात पुढे केला. "डबी दे. बोलायची परीक्षा आहे." मावशी टाचण्यांची डबी तिच्या हातावर ठेवून आत गेली.

टेबलामागे मुख्याध्यापिका बसल्या होत्या. त्या मावशीच्या जुन्या गिऱ्हाईक, आणि अंगात मावशीनेच शिवलेला राखाडी कोट. महिन्यापूर्वी त्या तक्रार घेऊन आल्या होत्या, डावी बाही बोटांवर येते म्हणून. मावशी म्हणाली होती, "बाही बरोबर आहे, बाई. डावा हातच जरा आखूड आहे. नाजूक हात असतात असे." बाई मान डोलावत गेल्या होत्या.

"या खोलीतल्या कुठल्याही दोन गोष्टींची तुलना करा," त्या इंग्रजीत म्हणाल्या.

मावशीने खोली न्याहाळली. दोन खिडक्या, दोन्ही एका मापाच्या. दोन खुर्च्या, जुळ्या. दोन कपाटं, तीही तशीच. अख्ख्या खोलीत लहानमोठं असं एकच होतं, आणि ते टेबलावर हाताची घडी घालून समोरच बसलं होतं. मावशीचा हात सवयीने ओठांकडे गेला. टाचणी नव्हती.

"युवर लेफ्ट स्लीव्ह इज लाँगर दॅन युवर राइट स्लीव्ह."

बाईंनी आधी एक बाही पाहिली, मग दुसरी. मग त्या मराठीवर आल्या. "आणि हात?"

"हात सारखेच आहेत."

"मी रोज सकाळी दाराच्या चौकटीला लटकते. महिना झाला. हात लांब व्हावा म्हणून. घरचे सगळे चहा घेऊन बघायला बसतात."

मावशीला सुनेचं स्वयंपाकघर डोळ्यांसमोर लख्ख दिसलं. "कापताना कंबरेत कळ आली हो, कात्री घसरली. चूक माझीच."

"इंग्रजीत सांगा. परीक्षा चालू आहे."

शब्द आखूड की लांब, मागे की पुढे, मावशीला काही सुचेना. "आय ॲम द मोस्ट सॉरी."

"वाक्य चालेल," बाई कोट काढत म्हणाल्या. "इथे मुलींना त्यांची चूक तोंडावर सांगावी लागते. तुम्हाला स्वतःची सांगता आली, तर त्यांची येईलच. सोमवारी या. येताना ही बाही आखूड करून आणा. फुकट."

बाहेर अक्का येरझाऱ्या घालत होती. "काय झालं?"

"सोमवारपासून यायचंय."

"बघ. मी शिकवलेलं वाया जात नाही. पण तुलना कशाची केलीस? आणि हा कोट कोणाचा?"

"आधी डबी दे," मावशी म्हणाली. त्यातली एक टाचणी तिने ओठांत धरली.

"अगं, कोट कोणाचा?"

"हं."